चुंबक, पेन्सिल आणि जुनी जीटीओ

सदर : नट-बोल्ट

दोस्तांनो, घरात सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं की काय गडबड उडते ते तुम्ही पाहिलंच असेल. बाबा ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेतात, आई "अ‍ॅक्सिडेंट झालेली तर नाही ना?" असं चारदा विचारते आणि आपण मागच्या सीटवर उड्या मारून बघतो. स्कूटर असो नाहीतर मारुती, एक गोष्ट मात्र ठरलेली. गाडी जितकी जुनी, तितकी स्वस्त.

आज ज्या गाड्यांबद्दल बोलायचं आहे त्यांचं गणित नेमकं उलटं आहे. वय साठीच्या पुढचं आणि किंमत नव्या गाडीपेक्षाही जास्त! या आहेत अमेरिकेतल्या 'मसल कार'. मसल म्हणजे स्नायू. आपण त्यांना पैलवान गाड्या म्हणू या. मध्यम आकाराची, साधीसुधी दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं भलंमोठं इंजिन बसवायचं, ही त्यांची कृती. पेट्रोल पाण्यासारखं पिणार, ब्रेक बेताचे, वळणावर गाडी हेलकावे खाणार. पण सरळ रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला की सुसाट!

अशा गाडीची किंमत ठरवायची कशी? आणि फसवणूक ओळखायची कशी? आपण एकच गाडी घेऊ आणि तिच्याभोवती नीट फिरू. गाडीचं नाव पाँटियॅक जीटीओ, साल १९६४.

हिच्या जन्माची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढची सगळी भानगड त्या गोष्टीतूनच सुरू होते. पाँटियॅक हा तेव्हा जनरल मोटर्स या कंपनीचा एक विभाग होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. पाँटियॅकचे मुख्य इंजिनियर जॉन डीलॉरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर ३८९ घन इंचांचं इंजिन बसवायचं होतं. त्यांनी पळवाट काढली. नवी गाडी काढलीच नाही! 'ल मान्स' नावाची गाडी आधीपासून होती, तिच्यावर 'हवं असेल तर जादा पैसे देऊन घ्या' अशा सामानाच्या यादीत हे इंजिन टाकून दिलं. सुमारे ३०० डॉलर जास्त भरा आणि जीटीओ घेऊन जा. विक्री विभागाला वाटलं होतं की पाचेक हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

३८९ घन इंच म्हणजे किती? सुमारे ६,३७५ सीसी. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं होतं. आठाने गुणा बघू! आठ मारुतींची इंजिनं एका बॉनेटखाली. गंमत म्हणजे, गाडीच्या बिल्ल्यावर मात्र '६.५ लीटर' असं लिहिलेलं असायचं. अंगापेक्षा बोंगा थोडा मोठा, तेवढं चालायचंच.

आता भानगड लक्षात आली का? जीटीओ म्हणजे मुळात ल मान्सच. पत्रा तोच, दारं तीच, काचा त्याच. एवढंच काय, पाँटियॅकची लहान आणि मोठी इंजिनं बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात. मग एखाद्याने साधी ल मान्स घेतली, जुन्या बाजारातून मोठं इंजिन आणलं, बिल्ले चिकटवले, तर झाली जीटीओ तयार! अशा गाडीला तिकडे 'क्लोन' म्हणतात. मालकाने स्वतःच "ही क्लोन आहे" असं सांगून विकली तर काहीच वाईट नाही. चालवायला ती तितकीच मजेदार असते. पण तीच गाडी अस्सल म्हणून अस्सलच्या भावाने गळ्यात मारली, तर ती सरळसरळ फसवणूक.

समजा, मिशिगन राज्यात एक आजोबा राहतात. तरुणपणी त्यांच्याकडे अशी जीटीओ होती. पुढे लग्न झालं, मुलं झाली, ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाची टंचाई सुरू झाली, पेट्रोल महागलं आणि गाडी किरकोळ भावात विकून टाकली. त्या काळात हजारो घरांत असंच झालं. विम्याचे हप्ते वाढले होते, धुराचे नियम कडक झाले होते, पैलवान कोणालाच पोसवत नव्हता. आता आजोबा निवृत्त झालेत. साठवलेल्या पैशांतून त्यांना पुन्हा तशीच गाडी हवी आहे. एकाने जाहिरात दिली आहे : '१९६४ जीटीओ, उत्तम स्थिती, ६८,००० डॉलर'. हा आकडा आपण हिशेबापुरता धरलाय. चला, आजोबांबरोबर जाऊ. बरोबर फार काही घ्यायचं नाही. एक चुंबक, एक बॅटरी, एक पेन्सिल, कागद आणि जुने कपडे. जुने कपडे कशाला? गाडीखाली झोपायचंय!

आधी रंगाकडे बघायचं नाही. हो, बघायचंच नाही! झगझगीत लाल रंग पाहिला की माणसाची अक्कल गहाण पडते. थेट मागच्या चाकांच्या मागे, खालच्या बाजूला जायचं आणि तिथे चुंबक लावायचा. चाकाने उडवलेला चिखल आणि ओल तिथे साठते, म्हणून पत्रा आधी तिथेच सडतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडणं हे खर्चाचं काम. त्यापेक्षा भोकावर जाळी लावायची, वरून पुट्टी थापायची, घासून गुळगुळीत करायची आणि रंग मारायचा. झाकली मूठ! डोळ्यांना काही कळत नाही, पण चुंबकाला कळतं. पुट्टीत लोखंड नसतं, त्यामुळे जाड थराखाली पत्रा असला तरी चुंबकाची ओढ कमी पडते आणि तो गळून पडतो.

इथे एक खुबी आहे. चुंबक फार ताकदवान नको. जुन्या स्पीकरमधला दणकट चुंबक पुट्टीच्या पातळ थरातूनही पत्र्याला धरून ठेवतो आणि आपल्याला वाटतं, सगळं आलबेल. फ्रिजवर चिठ्ठी अडकवायचा साधा चुंबक घ्या. घरच्या लोखंडी कपाटावर हा प्रयोग करून बघा. आधी चुंबक नुसता लावा. मग मध्ये एक पोस्टकार्ड ठेवा, मग दोन, मग तीन. कितव्या कार्डाला चुंबक घसरतो ते लिहून ठेवा आणि स्पीकरचा चुंबक घेऊन पुन्हा मोजा. फरक बघून चकित व्हाल. (शेव्हर्ले कॉर्व्हेट नावाच्या अमेरिकन गाडीला मात्र चुंबक लावू नका. तिची बॉडी १९५३ पासून फायबर ग्लासची आहे, चुंबक कुठेच चिकटणार नाही आणि तुम्ही उगाच मालकाशी भांडाल!)

मिशिगनमध्ये गंजाची इतकी भीती का? तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडतं आणि ते वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्य अंशाच्याही खाली पातळच राहतं, म्हणून रस्ता मोकळा होतो. पण तेच खारट पाणी गाडीच्या पोटाला लागतं, आणि खारट पाण्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंजतं. कोकणातल्या मुलांना हे सांगायला नको. समुद्राकाठच्या घरांतल्या खिडक्यांच्या गजांची काय अवस्था होते ते त्यांना ठाऊक आहे. म्हणून जाहिरातीत 'ही गाडी कायम अ‍ॅरिझोनात होती' असं वाक्य असेल तर भाव वाढतो. अ‍ॅरिझोना वाळवंटी, हवा कोरडी, पत्रा शाबूत. पण तिथल्या उन्हाने सीट फाटतात, डॅशबोर्डला भेगा जातात. तरी माझं मत विचाराल तर फाटकी सीट परवडली, सडका पत्रा नको. सीट शिवून मिळते.

मग डिकी उघडायची, चटई उचलायची, खालचा पत्रा बॅटरीच्या उजेडात बघायचा. पायाखालचं मॅटिंग उचलायचं. मागच्या काचेच्या खालच्या कडेला बोट फिरवून रंगाला फोड आलेत का ते पाहायचं. दार अर्धं उघडून हलकेच वर उचलायचं. ते खडखडलं तर बिजागऱ्या झिजल्यात. दार आणि बॉडी यांच्यामधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का? एकीकडे बोट जातं आणि दुसरीकडे नखही जात नाही, असं असेल तर गाडी कधीतरी जोरात ठोकली गेली आहे किंवा खालचा सांगाडाच वाकलाय. सांगाडा बघायला आजोबांना गाडीखाली शिरावं लागेल. पाठ दुखत असेल तर पैसे देऊन गॅरेजमध्ये गाडी उचलून घ्यावी, पण हे काम सोडू नये.

इंजिन सुरू करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की आपण यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली होती. का बरं? थंड इंजिन सुरू होताना त्याची खरी तब्येत कळते, म्हणून! सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑईल जाळतंय. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय; हे किरकोळ, कार्ब्युरेटर नीट लावला की जातं. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ येणारच, पण इंजिन तापल्यावरही येत राहिली तर पाणी आत शिरतंय. ऑईलचं झाकण उघडून बघा. आत दुधाळ चिकटा दिसला तर संशय पक्का.

मीटरवर ३४,००० मैल दिसतात म्हणून हुरळून जायचं नाही. त्या काळच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य! म्हणजे ३४,००० मैल की १,३४,०००? उत्तर ब्रेकच्या पेडलवर असतं. रबर पार गुळगुळीत झालंय आणि मीटर ३४,००० सांगतंय, तर विश्वास रबरावर ठेवायचा. रबर अगदी कोरं असेल तर ते कधी बदललं, हे विचारायचं.

इथपर्यंत आपण गाडीची तब्येत पाहिली. आता खरी गुप्तहेरगिरी. ही गाडी अस्सल आहे का?

आपल्याकडे गाडीच्या आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. अमेरिकेतल्या मालकीच्या कागदावर फक्त गाडीचा नंबर असतो. त्याला व्हीआयएन म्हणतात. १९६४ च्या जीटीओवर त्याची पट्टी ड्रायव्हरच्या दारापाशी, बिजागरीच्या खांबावर असते. तो नंबर वाचला की इंजिनला सिलिंडर ८ आहेत, गाडी १९६४ ची आहे आणि ती अमुक कारखान्यात जोडली, एवढं कळतं. पण ती जीटीओ आहे का? हे काही कळत नाही! कारण जीटीओ ही तेव्हा वेगळी गाडीच नव्हती, यादीतलं जादा सामान होतं. १९६५ चीही तीच गत. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र झाली आणि तिचा नंबर २४२ ने सुरू होऊ लागला. म्हणजे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांत लबाडीला भरपूर वाव.

मग इंजिनाकडे वळायचं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला ठोकलेली एक खूण असते. '७६ एक्स' असेल तर १९६४ चं तीन कार्ब्युरेटरचं, हाताने गिअर बदलायच्या गाडीचं इंजिन. एक कार्ब्युरेटर असेल तर '७८ एक्स'. शिवाय ओतकाम ज्या दिवशी झालं ती तारीख लोखंडातच उमटलेली असते. तिची भाषा सोपी आहे. आधी महिन्याचं इंग्रजी अक्षर : ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत. मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. 'बी १७ ४' म्हणजे १७ फेब्रुवारी १९६४. चिकटा पुसून, वर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उठतो. नाण्यावर कागद ठेवून तुम्ही घासता ना, अगदी तसा.

आता बॉनेटच्या मागच्या पत्र्यावर बॉडीची एक लहानशी पट्टी असते, तिच्यावर बॉडी कधी तयार झाली ते असतं. इथे महिना आकड्यात आणि आठवडा अक्षरात. '०३ बी' म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. दोन्ही जुळवून बघायचं. गाडी मार्चमध्ये तयार झाली आणि इंजिन १७ फेब्रुवारीला ओतलं, तर ठीक. पण इंजिनावर 'ई १० ४' असेल तर? ई म्हणजे मे. मे महिन्यात ओतलेलं इंजिन मार्चमध्ये गाडीत कसं बसेल? कोणीतरी नंतर बसवलंय! मात्र घाई नको. अमेरिकेत १९६४ ची मॉडेलं १९६३ च्या शरद ऋतूतच बाजारात आली होती. त्यामुळे पट्टीवर महिना ११ असेल तर तो नोव्हेंबर १९६३ समजायचा.

लबाड लोक आकडेही खोटे ठोकतात. जुना आकडा घासून काढायचा आणि नवा मारायचा. शेव्हर्लेच्या इंजिनावर आकड्यांच्या जागी कारखान्यातल्या कापणीच्या बारीक समांतर रेघा असतात. घासलं की त्या पुसल्या जातात. आकडे आहेत पण रेघा नाहीत, तर पाणी मुरतंय. प्लिमथ आणि डॉजवाल्यांना मात्र एक सोय आहे. त्यांच्या व्हीआयएनमधलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. १९७० च्या गाडीत ते 'आर' असेल तर ४२६ घन इंचांचं प्रसिद्ध हेमी इंजिन.

मग आमच्या आजोबांनी काय करायचं? सुदैवाने पाँटियॅकची त्या काळची बिलं जपून ठेवली गेली आहेत. पाँटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची संस्था व्हीआयएन कळवला आणि फी भरली की त्या गाडीच्या मूळ नोंदीची प्रत पाठवते. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर काय काय सामान होतं ते त्यात असतं. तिथे जीटीओ असेल तर आहे, नसेल तर बिल्ले कितीही चमकोत. शेव्हर्लेच्या बाबतीत अमेरिकेत अशा नोंदी सहसा मिळत नाहीत. तिथे लोक पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कारखान्यातला कागद अडकून राहिलाय का ते शोधत बसतात! आणि एक सांगू? क्लोन विकणारा माणूस दरवेळी लबाडच असतो असं नाही. पुष्कळदा तोही वीस वर्षांपूर्वी फसलेला असतो आणि त्याला पत्ताच नसतो. म्हणून भांडायचं नाही, कागद मागायचा.

कागद आला, समजा. गाडी अस्सल जीटीओ निघाली, पण इंजिन नंतरचं. डिकीचा तळ सडका. आता भाव.

पहिली गोष्ट, जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्षात कोणी किती मोजले, ते लिलावांच्या निकालांत कळतं. हॅगर्टी ही जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारी कंपनी किमतींचे तक्ते काढते. त्यात गाडीला १ ते ४ क्रमांक देतात. १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, ४ म्हणजे चालणारी पण डागडुजीची. बहुतेक मालकांना आपली गाडी २ वाटते आणि ती असते ३. आईला आपलं बाळ गोरंगोमटं दिसतं, तसंच हे. लिलावाचे आकडे वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. बोलीवर घेणाऱ्याला साधारण १० टक्के फी वेगळी पडते, म्हणून आकडा फीसह आहे की फीशिवाय, ते आधी बघायचं.

समजा, मूळ इंजिनाच्या ३ क्रमांकाच्या गाड्या फीसह ५५,००० डॉलरना गेल्या आहेत. इंजिन मूळचं नाही म्हणून आजोबांनी २० टक्के वजा धरले, म्हणजे ११,०००. उरले ४४,०००. डिकीचा पत्रा आणि त्यावरचा रंग, याचा गॅरेजने ६,००० खर्च सांगितला. उरले ३८,०००. मागितले होते ६८,०००! विकणारा म्हणेल, "अहो, मी हिच्यावर ८०,००० खर्च केलेत!" केले असतील. तिकडे मजुरी फार महाग, क्रोम पुन्हा चढवायचं, सीट शिवायच्या, रंग द्यायचा म्हटलं की गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच महाग पडते. पण त्याने किती खर्च केले यावर बाजारभाव ठरत नाही. म्हणूनच जाणकार सांगतात की स्वस्तातली मोडकी घेऊन सजवण्यापेक्षा दुसऱ्याने सजवून झालेली चांगली गाडी घ्या.

मग काय, गाडी जितकी चकचकीत तितकी मोलाची का? तसंही नाही. १९६८ च्या 'बुलिट' या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरना घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. १९७७ मध्ये मॅक्वीनने स्वतः पत्र लिहून ती परत मागितली, पण त्यांनी दिली नाही. पुढे कित्येक वर्षं ती कुठे आहे हे बाहेर कोणाला माहीतच नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात लिलावाला आली तेव्हा तिच्यावर गंज होता, पोचे होते, रंग विटलेला होता. बोली गेली ३४ लाख डॉलरवर! फी धरून ३७ लाख ४० हजार. तिला रंग दिला असता तर उलट किंमत घटली असती, कारण सिनेमातल्या खुणाच पुसल्या गेल्या असत्या. रंग कितीही वेळा देता येतो. कारखान्यातला पहिला रंग मात्र एकदाच असतो. अर्थात हे सगळीकडे लागू नाही. आजोबांच्या डिकीतला गंज कोणी जपून ठेवणार नाही, तो कापलाच पाहिजे.

आता तुमची पाळी. एका १९६४ च्या जीटीओच्या बॉडीच्या पट्टीवर '११ सी' आहे. तीन माणसं तीन इंजिनं घेऊन आली आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो की माझंच इंजिन मूळचं. पहिल्यावर 'बी ५ ४' अशी तारीख आहे, दुसऱ्यावर 'जे २२ ३', तिसऱ्यावर 'जे २२ २'. कोणाचं खरं असू शकेल, आणि उरलेल्या दोघांना तुम्ही काय सांगाल? उत्तर कारणांसह पाठवा. पुढच्या अंकात बघू.

आणि हो, कपाटावर चुंबकाचा प्रयोग कराल तेव्हा स्पीकरचा चुंबक बाबांच्या पाकिटाजवळ ठेवू नका. आत एटीएम कार्ड असतं.